चढणारे दोन, उतरणारा एक

बोरिवली (पूर्व),
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९६९

तीर्थरूप रामनाथ भावोजींच्या पायांवर बाळाचं डोकं. पायाची सूज अजून उतरली नसेल तर डोकं जरा लांबच ठेवतो.

तुमची तब्येत, ताईचा खोकला, मंजुळेचे पडलेले दात आणि गॅलरीतल्या डब्यातली अबोली, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. माझं म्हणाल तर पोट ठीक, झोप कमी, दाढी वाढलेली. दोन महिने पत्र नाही म्हणजे बाळ्या सहाव्या नोकरीतून पण पळाला, असं तुम्ही ताईला एव्हाना सांगितलं असणार, आणि ताई माझी बाजू घेऊन तुमच्याशी भांडली असणार. तर भावोजी, ह्या खेपेला ताईचं खरं आहे. मी पळालो नाही. मरोळच्या साबणाच्या कारखान्यातून पळालो ते वासामुळे, अंधेरीच्या स्टुडिओतून पळालो ते दिवे उचलून मान वाकडी झाली म्हणून, मधल्या तीन नोकऱ्यांची कारणं आता मलाच आठवत नाहीत. पण इथे टिकलो, आणि टिकलो हीच भानगड झाली आहे. पळून गेलो असतो तर हे पत्र चार ओळींत आटपलं असतं.

तुम्ही मृणालिनीबाईंना माझ्याबद्दल शब्द दिलात तेव्हा काम काय आहे हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का, देव जाणे. मला वाटलं, कॉलेजातल्या बाई आहेत, झाडांचा अभ्यास करतात, म्हणजे कुंड्यांना पाणी घालायचं असेल. तसं नाही. बाईंना बोरिवलीच्या डोंगरावर काय काय उगवतं, किती उगवतं आणि कोण कोणाशेजारी उगवतं ह्याची खानेसुमारी करायची आहे. माणसांची करतात ना, तशीच, फक्त इथे कोणी दार लावून घेत नाही. आता अख्खा डोंगर कोण मोजणार? म्हणून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडाची चौकट करायची, ती डोंगरावर शंभर ठिकाणी ठेवायची, आणि आत जे सापडेल तेवढंच मोजायचं. त्यावरून बाकीच्या डोंगराचा अंदाज. भाताचं एक शीत चेपून बघतो तसंच, म्हटलं तर. (चौकट आमच्या चाळीतल्या भिकाजी सुताराने केली. त्याने सवयीने तिला बिजागरीच्या खाचाही पाडल्या. ती खांद्यावर घेऊन मी स्टेशनपासून निघालो की रस्ताभर लोक विचारतात, खिडकी कुठे बसवताय म्हणून. मी डोंगराकडे बोट दाखवतो.)

माझ्या जोडीला धाकू म्हणून एक आहे. चारकोपच्या बाजूच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. भावाशी होडीवरून वाजलं, म्हणून रागाने जमिनीवर नोकरी धरली. खाडीत छातीभर पाण्यात उभा राहील, पण झाडी आली की माझा सदरा धरतो. माणूस सोन्यासारखा. तू सोडून गेलास तर मी बाईंना तोंड कसं दाखवू, असं तो मला म्हणतो, मी कुठे जायच्या आधीच.

तर गंमत इथून सुरू होते. चौकट कुठे ठेवायची हे आपण ठरवायचं नाही, असं बाईंचं शास्त्र आहे. आपण ठरवलं की आपण चांगली जागा बघणार, सावली बघणार, आणि हिशेब खोटा होणार. म्हणून पन्नास मीटरची दोरी डोंगरावर ताणायची, दर पाच मीटरवर थांबायचं, डोंगराकडे पाठ करायची, आणि चौकट डोक्यावरून मागे फेकायची. न बघता. पडेल तिथे जाऊन मोजायचं.

भावोजी, तुम्ही देवगडचे. तुम्हाला मी काय सांगू? आपल्याकडे न बघता डोक्यावरून मागे काय टाकतात आणि टाकल्यावर काय करायचं नसतं, हे आई आपल्याला नाव सांगायच्या आधी शिकवते. उतारा टाकला की सरळ घर. मागे वळायचं नाही, हाक आली तरी नाही. पहिल्या दिवशी मी चौकट फेकली, मागे धप्प झालं, आणि मी आणि धाकू दोघेही पुढे बघत खांबासारखे उभे. मी म्हटलं, जा रे, मोज. तो म्हणाला, "मी मागं बगनार नाय. तू बग." मी म्हटलं, मी पण नाही. कोळी आणि मालवणी आजवर मासळीच्या आमटीत आमसूल की चिंच ह्यावर एक झाले नाहीत, पण ह्या एका मुद्द्यावर जागच्या जागी एकमत झालं.

बाईंना सांगायची सोय नव्हती, कारण त्या असल्या गोष्टींना हसतात, आणि त्या हसल्या की आपण गावठी वाटतो. मग धाकूने डोकं चालवलं. चौकटीला गळाची दोरी बांधली. मी फेकायचं, मग दोरी हातात धरून धाकूने उलट्या पावलांनी मागे मागे जायचं, पायाला चौकट लागली की हात पाठीमागे करून मधोमध बांबूची खुंटी ठोकायची, तिला नंबराचा पत्रा अडकवायचा आणि पुढे बघत परत यायचं. मग चौकट ओढून घ्यायची. (तो दोनदा करवंदीत बसला. कोणी आम्हाला लांबून बघितलं असेल तर त्या डोंगरावर उलट्या पायांची माणसं फिरतात, ही बातमी आता कुठल्या तरी गावात पक्की झाली असेल, आणि ती खोटी आहे असं मला सांगता येणार नाही.)

खुंटी बसली, पण मोजायचं राहिलंच. ते मी पुढच्या कातळावर बसून, पाठ डोंगराला, विचार करून लिहायला लागलो. बाईंनी तक्त्यांची वही दिली आहे, पानावर छापील नंबर, प्रत्येक पानावर त्यांची सही. वर तारीख, चढणारे किती, उतरणारे किती. (दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक विद्यार्थी वाट चुकून दिवसभर हिंडला होता, तेव्हापासूनची ही काळजी.) खाली झाडाचं नाव, संख्या, उंची, जमीन किती झाकली, आणि शेवटी ‘व्यत्यय’ म्हणून एक रकाना, म्हणजे गुरं चरली, वणवा लागला, कोणी गवत कापलं, असलं काही. मी सगळं भरायचो. आकडा खरा वाटायचा तर तो जरा ओबडधोबड हवा हे मला कारखान्यातल्या हजेरीवरून ठाऊक होतं. दहा कधी लिहायचं नाही. सात, अकरा, तेवीस. कुडा, दिंडा, तेरडा, कुसळी गवत. जी नावं येत होती ती फिरवून फिरवून वापरली. एकतिसाव्या खुंटीला नावं संपली, ताईची गॅलरी आठवली, म्हणून लिहिलं, अबोली तीन.

एकच गोष्ट तेव्हाही खटकली होती. डोंगरात दुपारी किड्यांची जी किरकिर चालू असते ना, ती मी पेनाचं टोपण काढलं की थांबायची. टोपण लावलं की चालू. मला वाटलं, योगायोग. मग मी उगाचच टोपण काढ-घाल करून पाहिलं, आणि त्यानंतर परत कधी करून पाहिलं नाही.

दसरा झाला आणि बाई स्वतः तपासणीला आल्या. शंभरातल्या कुठल्याही दहा खुंट्या घेणार, चौकट ठेवणार, माझ्या आकड्यांशी ताडून बघणार. मी मनातल्या मनात सातवी नोकरी शोधायला लागलो होतो. दोघे दोरीपाशी पाठ करून उभे. बाईंना वाटलं, आम्ही मुद्दाम बघत नाही, त्यांच्या मोजणीवर आमचा परिणाम व्हायला नको म्हणून. मागून बाईंचा आवाज यायचा. कुडा सात. बरोबर. तेरडा तेवीस. बरोबर. प्रत्येक ‘बरोबर’ला धाकूचा हात माझ्या दंडावर घट्ट व्हायला लागला. एकतिसाव्या खुंटीला त्यांनी वहीचं पान दोनदा उलटलेलं ऐकू आलं. मग म्हणाल्या, ही अबोली इथे कशी काय आली, आश्चर्य आहे. आणि किती, तर तीन.

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला डब्यातली शंकरपाळी दिली. इतका अचूक हात मी बघितला नाही म्हणाल्या, कॉलेजात प्रयोगशाळेत कायमची जागा निघते आहे, तुझं नाव सुचवते. कायमची, भावोजी. माझ्या नावापुढे हा शब्द आजवर फक्त वाकड्या मानेबद्दल डॉक्टरने वापरला होता.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. धाकू म्हणालाही, पुढच्या खेपेपासून बघून मोजू, मागं वळायचं पाप लागलं तर लागलं. पण मला खाज. मी पुढच्या फेरीत मुद्दाम चव्वेचाळीसाव्या खुंटीला, जिथे नुसता कातळ आहे, अळू पाच असं लिहिलं. बाईंनी अळू पाच मोजले आणि ओलावा असेल खाली, असं म्हणाल्या. तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, झकास. मी लिहीन तसं डोंगर करतोय, तर चढायचं तरी कशाला? दिवाळीच्या सुट्टीत स्टेशनजवळच्या इराण्याकडे बसलो आणि वहीतली उरलेली सगळी पानं, अगदी कामाच्या शेवटच्या शनिवारपर्यंतची, एका बैठकीत भरून टाकली. पक्क्या शाईने. तेराव्या तारखेच्या पानावर बोराटी बारा लिहिली, मग जास्त वाटली, म्हणून माझाच दहाचा नियम मोडून ब्लेडने बारातला दोन खरवडून शून्य केलं. आणि त्याच पानावर व्यत्ययाचा रकाना बरेच दिवस रिकामा दिसतोय म्हणून लिहिलं: हिरव्या लुगड्यातली एक बाई डाव्या हाताने गवत कापताना दिसली. डाव्या हाताने का? तुम्हीच म्हणता ना, बाळ्याला कामाचं काही सुचत नाही, पण बारीकसारीक फार सुचतं.

तेरा तारखेला बाई आमच्याबरोबर वर आल्या. आम्ही दोघे नेहमीसारखे दोरीपाशी, पाठ करून. जरा वेळाने मागे विळ्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. सावकाश, घाई नसल्यासारखा. मी धाकूकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाई कोणाशी तरी बोलत होत्या, बाईंचे शब्द कळत होते, उत्तर कळत नव्हतं. मग विळा थांबला, आणि बाई आमच्या पुढ्यात येऊन पाणी प्यायल्या. म्हणाल्या, विचित्र बाई आहे, चौकट ठेवल्यासारखं बरोब्बर चौकोनी गवत कापते, तेही डाव्या हाताने. तुझी चौकशी करत होती, तो लिहिणारा मुलगा बरा आहे ना म्हणून. मी तिला नाव विचारलं तर काय म्हणाली माहीत आहे?

मी म्हटलं, काय?

"म्हणाली, नाव अजून लिहिलेलं नाही."

बाई हसल्या. जंगलातली माणसं मिश्कील असतात म्हणाल्या. मग त्यांनी दाबून वाळवायला आणलेलं एक रोप वर्तमानपत्रातून काढून आम्हाला दाखवलं. बोराटीची दहा जिवंत आहेत, म्हणाल्या, तुझा आकडा बरोबर, पण त्याच चौकटीत ही दोन मरून पडली होती. भावोजी, ते रोप मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुळाशी खरवडलेलं होतं. बोथट ब्लेडने कागद खरवडला की कशी लव निघते, तशी सालीची लव निघाली होती. आणि त्यावर, अगदी थोडी, निळी शाई.

खाली उतरल्यावर धाकूने माझ्या हातातली वही घेतली. त्याला अक्षरं अडखळत येतात, पण आकडे पक्के, मासळीच्या पाट्या मोजून. तो उरलेली पानं एकेक करून उलटत गेला. शेवटच्या पानावर थांबला. येत्या शनिवारचं, बावीस तारखेचं पान. त्यावर बोट ठेवून मला विचारलं.

"चढनारे दोन, उतरनारे एक. मंग आपल्यातला एक कोन रे, बाळा?"

आता मी तो एक का लिहिला ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवाल. शनिवारी मंजुळेचा वाढदिवस. इराण्याकडे बसल्या बसल्या माझा बेत असा ठरला होता की त्या दिवशी धाकूबरोबर वर जायचं, आणि मग त्याला बोरिवलीला उतरू देऊन मी डोंगर ओलांडून पलीकडे तुमच्या मुलुंडला उतरायचं, ताईच्या हातचे वडे आणि सागोती खायला. म्हणजे ह्या बाजूने उतरणारा एकच. एवढं साधं. पण हे सगळं माझ्या मनात होतं. कागदावर नुसतं ‘एक’ आहे. आणि डोंगर मनातलं वाचत नाही, लिहिलेलं वाचतो.

पान फाडावं तर नंबर तुटतो. दोन करावं तर आधीचा एक खरवडायला लागेल, आणि खरवडल्यावर काय होतं ते मी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बघितलंय. वरच जाऊ नये म्हटलं तर तिथे ‘चढणारे दोन’ लिहिलेलं आहे. आम्ही दोघे घरी बसलो तर ते दोन कोण चढतील, हा प्रश्न धाकूने विचारला, आणि मग आम्ही दोघांनी त्यावर बोलायचं नाही असं ठरवलं.

असो. पत्र फार लांबलं. आजूबाजूचे हालहवाल लिहायचे राहिलेच. भिकाजीला मुलगी झाली. नळाला पाणी सकाळचं अर्धा तासच येतं. अंजनाबाई खानावळवालीने आमटीत परत खोबरं घालायला सुरुवात केली, त्यामुळे सोमवारपासून जेवण बरं चाललंय. ताईला नमस्कार, मंजुळेला तिच्या नव्या दातांसाठी आशीर्वाद, आणि तुमच्या पायाला तिळाचं तेल.

तुमचा,
न पळालेला
बाळा

ता. क. पत्राचं खरं काम आता लिहितो. बाई शनिवारी दुपारी एक वाजता बोरिवलीच्या बाजूच्या जंगलचौकीवर कायमच्या जागेचं पत्र घेऊन उभ्या राहणार आहेत. मी तिथे उतरणार नाही. लिहिल्याप्रमाणे तिथे एकटा धाकू उतरेल, आणि मी मुलुंडला उतरेन, म्हणजे तक्ता खरा होईल आणि कोणी कमी होणार नाही. धाकूला हे पटलंय. पण बाईंना वाटेल की बाळ्या सहाव्यांदा पळाला आणि तुमचा शब्द पाण्यात गेला. त्यांना दोन ओळी लिहा. जागा गेली तरी चालेल, पण पळाला नाही एवढं लिहा. धाकू खाली पोचल्याशिवाय मी आमची वाट सोडणार नाही. तो एक तोच असला पाहिजे.

ता. क. २. आणि दुसरं असं की शनिवारी चार वाजल्यापासून तुम्ही पाय दुखत असला तरी तुमच्या बाजूच्या पायथ्याशी, ते जुनं चिंचेचं झाड आहे तिथे, येऊन उभे राहा. येताना कागद आणि पेन आणा. पण टोपण काढू नका. मी दिसलो, तुमच्या पुढ्यात आलो, तुमच्या पायाला हात लावला, की मगच काढा आणि लिहा: बाळा उतरला. नावासकट लिहा. नुसता आकडा नको.

ता. क. ३. मी मागे वळून बघत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा माझ्या मागून कोणी उतरत असेल तर ते तुम्हालाच दिसेल, मला नाही. मला सांगू नका. हिरवं लुगडं असेल तर ताईची कोणी ओळखीची आहे असं समजून बाजूला व्हा आणि वाट द्या. तिला नाव विचारू नका. आणि कृपा करून, भावोजी, तिने तुम्हाला सांगितलं तरी ते लिहून घेऊ नका.